मुळापासून साडेआठ सेंटिमीटर

० मिलिमीटर

दहाव्याच्या सकाळी येरळेच्या काठावर न्हाव्यानं प्रज्वल कोळेकरच्या डोक्यावरून वस्तरा फिरवला आणि त्याचे गेल्या चार-पाच महिन्यांचे केस वाळूत पडले. थोडे वाऱ्यानं उडाले, थोडे पाण्यात गेले. ते जपून ठेवावेत असं कुणाच्या मनात कशाला येईल?

एकशे चार किलोचा गडी तो. रग्बीच्या मैदानात तीन-तीन माणसं अंगावर घेऊन पुढं सरकणारा. त्या दिवशी खाली मान घालून बसला होता. बाप गेला होता. मारुती पैलवान, त्याचे आप्पा. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूत काहीतरी विरघळायला लागलं. आधी नावं गेली, मग माणसं गेली, शेवटी उरले ते फक्त डाव. घास भरवायला येणाऱ्या हाताचं मनगट धरून ते डाव टाकायचे. प्रज्वलच्या आईचं, सुरेखाबाईंचं, एक बोट त्यात मोडलं आणि तसंच वाकडं जुळलं. पैलवानांना आवरू शकेल असा करंजेवाडीत एकच माणूस, आणि तो पन्नास मैलांवर सांगलीत तेरा-गडी रग्बी खेळून पोट भरत होता.

फोन वाजायचा. "ये. आवरत न्हाईत." की निघालाच.

"पोरगं न्हवं, श्रावणबाळ हाय," चुलते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

प्रज्वल रडला. रडणं खरं होतं. पण डोळे पुसून उठला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की खिशातला फोन सकाळपासून गप्प आहे आणि आता गप्पच राहणार आहे. एकदम हलकं वाटलं. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की नदीत त्यानं नेमापेक्षा तीन बुड्या जास्त मारल्या.

९ मिलिमीटर

आता थोडं थांबून पगाराबद्दल बोलायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

रग्बी महालीगमध्ये पगारमर्यादा होती. प्रत्येक संघानं आपल्या सगळ्या खेळाडूंवर मिळून वर्षाला अमुक एवढाच खर्च करायचा, वर एक रुपया नाही. हेतू चांगला. नाहीतर मोठ्या शहरांचे मालक सगळे चांगले गडी उचलणार आणि सांगली-सोलापूरनं नुसता मार खायचा. पण नियम झाला त्याच वर्षी पळवाटाही झाल्या. कुणाच्या मेव्हण्याच्या नावावर फ्लॅट. कुणाच्या बायकोला घरबसल्या सल्लागाराची नोकरी. एका संघातल्या अकरा खेळाडूंच्या सासऱ्यांना एकाच महिन्यात लॉटरी लागली. कागद तपासून काही हाती लागेना. शेवटी २०४१ साली लीगनं कागद सोडले आणि केस धरले.

काळजीत असलेलं शरीर कॉर्टिसॉल नावाचं रसायन सोडतं. रक्तातून ते लवकर निघून जातं, पण वाढत्या केसात थोडं थोडं अडकून बसतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे मुळाजवळ हा महिना, त्याच्यापुढं मागचा, आणखी पुढं त्याच्या मागचा. डॉ. रेवती तगारे यांनी कॉर्टिसॉलबरोबर आणखी सहा रसायनं मोजून शून्य ते शंभरमधला एक आकडा काढायची रीत बसवली. रीतीचं खरं नाव लांबलचक. लोकांनी ते सोडून दिलं आणि म्हणायला लागले घोरांक. जिवाला लागलेल्या घोराचा आकडा.

लीगनं त्यावर एक तक्ता केला. पगार इतका, घरात माणसं इतकी, वय इतकं, म्हणजे घोरांक साठ ते ऐंशी असायला हवा. त्याच्या फार खाली घसरला तर समजायचं, गड्याला कुठूनतरी चोरून पैसा मिळतोय.

"म्हणजे गरिबानं गरिबागत झुरायचं," सांगलीच्या संघाचा कप्तान इरफान मुल्ला बूट बांधता बांधता म्हणाला. "झुरला न्हाई तर दंड."

लोक सावध झाले. सोलापूरच्या एका गड्यानं तर मुद्दाम भाऊबंदकीतली वादाची जमीन घेतली. वकील बघतील काय घोर लावायचा तो, म्हणाला.

प्रज्वलनं असलं काही केलं नाही. त्या महिन्यात तो आठ-आठ तास झोपत होता. भूक लागत होती. सरावात त्याच्या अंगावर आलेला गडी मागं फेकला जायचा आणि इरफान म्हणायचा, "काय खातोस रं हल्ली? आम्हाला पण सांग की."

प्रज्वल हसायचा. मग आठवण व्हायची आणि हसू आवरायचा.

३१ मिलिमीटर

जानेवारीअखेर लीगचा माणूस आला आणि प्रत्येकाच्या मानेवरून पेन्सिलीएवढी केसांची बट मुळाशी कापून घेऊन गेला. दर सहा महिन्यांनी यायचाच.

जुलैमध्ये प्रज्वलचा घोरांक होता अठ्ठ्याहत्तर. या वेळी आला एकोणतीस.

३४ मिलिमीटर

*खेळाडूचे नाव :* प्रज्वल मारुती कोळेकर
*घोर उतरण्याचे कारण (एकावर खूण करा) :* वारसाहक्काने मालमत्ता / कर्जफेड / विवाह / अपत्यप्राप्ती / खटल्याचा निकाल / अध्यात्म / इतर
*'इतर' असल्यास सविस्तर लिहा :*
*वरील कारण खरे असल्याबद्दल घरातील एका सज्ञान व्यक्तीची सही :*

सोबत लीगचं पत्र. तीस दिवसांत सबळ कारण दाखवा, नाहीतर पगारमर्यादेचा भंग झाला असं धरू. संघाचे अठरा गुण जातील, तुमच्यावर दोन वर्षं बंदी. सगळी कारणं आणि सुनावणी पारदर्शकतेसाठी लीगच्या वाहिनीवर दाखवली जाईल. निकालापर्यंत केस कापायचे नाहीत.

संघाचे व्यवस्थापक धुमाळ सर कागद दोनदा वाचून म्हणाले, "अध्यात्म टाक."

"सर?"

"सोपं आहे. एखाद्या महाराजांचं पत्र आणू. ध्यानधारणा सुरू केली, मन शांत झालं."

"मागच्या वर्षी नऊ जणांनी तेच टाकलं. महाराजांच्या पण मानेचे केस नेले त्यांनी. महाराजांचा एक्क्याण्णव आला."

धुमाळांनी कागद खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "प्रज्वल, खरं सांग. दुसरा कुठला संघ तुला काही..."

"न्हाई."

"मग झालं काय तुला? एवढं बरं कशानं वाटायला लागलं?"

प्रज्वलनं फॉर्मकडं पाहिलं. 'इतर'समोरची जागा दीड ओळीची होती. दीड ओळीत ते बसलंही असतं. चारच शब्द लागले असते. पण खाली आईची सही लागत होती.

"बघतो," तो म्हणाला.

३८ मिलिमीटर

डॉ. तगारे पुण्यात त्यांच्या प्रयोगशाळेत भेटल्या. बारीक चणीची, पन्नाशीची बाई. त्यांनी प्रज्वलला बसायला सांगितलं आणि पडद्यावर त्याचा आलेख लावला. जुलैची उंच रेघ, मग कोरी जागा, मग अगदी खालून सुरू होऊन सपाट चाललेली नवी रेघ.

"मी ही रीत खेळाडूंसाठी नव्हती बसवली," त्या म्हणाल्या. "घरात वर्षानुवर्षं आजारी माणसाचं करणाऱ्यांसाठी होती. त्यांची तब्येत कधी कोसळेल ते आधी कळावं म्हणून. नंतर लीगनं विकत घेतली. मीही विकली." मग आलेखाकडं बोट करून म्हणाल्या, "असे आलेख मी शेकड्यांनी पाहिलेत. पैशाचे नव्हेत."

प्रज्वलनं आलेखावरून नजर काढली. "मग तसं लिहा की मॅडम."

"आकड्यावरून कारण सांगता येत नाही. प्रत्येक अहवालाखाली मी ते छापते. कुणी वाचत नाही. कारण तुम्हीच सांगायचं." त्यांनी जुलैनंतरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "मधली कोरी जागा असती तर बरं झालं असतं. घसरण नेमकी कोणत्या आठवड्यात झाली ते दिसलं असतं. ते केस?"

"नदीत गेले."

"घरात आणखी कोण आहे?"

"आई."

"त्यांचे केस केवढे आहेत?"

प्रज्वलनं हात कमरेपाशी नेला, आणि त्याच वेळी त्याला समजलं की त्या काय विचारतायत. आईच्या वेणीत पाच-सहा वर्षं होती. आप्पांच्या दुखण्याचा सगळा काळ. तिचा घोर जर त्याच आठवड्यात उतरला असेल तर तारीख सिद्ध होते. त्याला एक शब्द उच्चारावा लागत नाही. घरातलं ओझं कमी झालं, एवढंच लिहायचं.

आणि तिचा उतरलाच नसेल तर? मग बाप मेल्यावर बरं वाटलेला घरात तो एकटाच.

आईला त्यानं खोटंच सांगितलं. "लीगचा नेम हाय. घरच्यांचे पण केस घेत्यात."

सुरेखाबाई शेळ्यांना पाला टाकत होत्या. "म्हाताऱ्या बाईचे केस? कशापायी?"

"तपासायला."

"काही घरात म्हणं पूर्वी नवरा गेल्यावर बाईचं केस उतरवायचे. आपल्यात न्हवतं ते. तुमच्या खेळानं आणलं बघ." पण त्यांनी अंबाडा सोडला आणि पाठ वळवून बसल्या. "ने. पांढरं नेऊ नगंस, तेवढंच राहिल्यात माज्या हक्काचं."

आईचे केस : ७४ सेंटिमीटर

टोकापासून मुळाकडं वाचायचं.

चौऱ्याहत्तर ते साठ. रेघ चढत गेली आहे. पैलवान शेजाऱ्याच्या गोठ्यात जाऊन झोपायला लागले होते.

साठ ते वीस. रेघ वरच्या वर. एका जागी सुईसारखं टोक आहे, तिथं बहुतेक बोट मोडलं.

वीस ते नऊ. तशीच.

साडेआठ. इथं रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली येते आणि पुन्हा वर जात नाही.

साडेचार. इथं पैलवान वारले. रेघेवर काहीही नाही.

अहवाल लीगकडं गेला आणि लीगनं हिशेब लावला. साडेआठ सेंटिमीटर म्हणजे गेल्या जूनचा दुसरा आठवडा. प्रज्वलनं संघाबरोबर नवा करार केला होता नऊ जूनला.

४१ मिलिमीटर

"आम्ही दिलं नाही रे," धुमाळ सर टेबलावर हात आपटून म्हणाले. "दिलं असतं तर तुला सांगून दिलं असतं. न सांगता देण्यात आमचा काय फायदा?"

हे इतकं खरं होतं की प्रज्वलला विश्वास ठेवावा लागला. मग दुसरं कोण? एखादा हौशी व्यापारी? सट्टेवाला? त्यानं मोटारसायकल काढली आणि गावी गेला. वाटेत वाक्य दहा तऱ्हांनी जुळवून पाहिलं आणि दारात शिरल्या शिरल्या सगळ्यांत वाईट तऱ्हेनं बोलला.

"आई, जूनमधी तुला कुणी पैसं दिलं हुतं?"

सुरेखाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "कोण देईल?"

"क्लब. कुणी पण. आप्पांच्या औषधाला म्हणून."

"आन मी घिऊन तुज्यापासनं लपवून ठेवलं."

"तसं न्हवं. ते म्हणत्यात, जूनपासनं तुजा घोर..."

"काय म्हणत्यात?"

"उतरला."

त्यांचा हात थांबला. भाकरी करपल्याचा वास आला तरी थांबलेलाच राहिला. प्रज्वलला वाटलं, आता काहीतरी सांगेल. पण त्यांनी करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात टाकली आणि चांगली त्याला वाढली.

"जेव," एवढंच म्हणाल्या.

दोन दिवसांनी लीगचा तिसरा कागद आला. तडजोड. अज्ञात हितचिंतकाकडून आईनं रक्कम घेतली आणि संघाला त्याची कल्पना नव्हती, असं खेळाडूनं कबूल केलं तर संघाचे गुण वाचतील. बंदी फक्त खेळाडूवर. दोन वर्षं. प्रज्वल तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. पुढच्या फळीचा गडी एकोणतिसाव्या वर्षी परत येतो तेव्हा त्याच्या जागी दुसरा उभा असतो.

इरफाननं कागद वाचला. "सही करू नगंस."

"नाहीतर तुमचं अठरा गुण."

"गुणाचं सोड. तुज्या आईला चोर म्हणायलाईस कागदावर."

"दुसरं काय म्हणू?"

इरफाननं कागद परत दिला. प्रज्वलनं कागद घडी करून खिशात ठेवला. सुनावणीच्या दिवशी, आईला बोलावण्याआधीच, सही करून टाकायची, असं त्यानं ठरवलं.

४७ मिलिमीटर

सुनावणीची खोली लहान होती आणि कॅमेरे तीन. समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश बेंद्रे मधोमध, बाजूला डॉ. तगारे, समोर प्रज्वल आणि सुरेखाबाई. करंजेवाडीत चावडीसमोरच्या कट्ट्यावर लोक फोन उभा करून बसलेत, असा चुलत्यांचा निरोप सकाळीच आला होता. काळजी करू नगंस, सगळं गाव तुज्या पाठीशी हाय.

"सुरुवात करू," बेंद्रे म्हणाले.

"साहेब, मला आधी एक कागद द्यायचाय," प्रज्वल उठला.

"बस खाली," आई म्हणाली.

"आई..."

"बस म्हणलं न्हवं." मग त्या बेंद्र्यांकडं वळल्या. "जूनमधलं इचारायचंय नं? मला इचारा."

बेंद्र्यांनी चष्मा लावला. "बाई, गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्हाला कुणाकडून काही मिळालं का?"

"व्हय."

प्रज्वलनं डोळे मिटले.

"कुणाकडून?"

"विट्याच्या डॉक्टरकडनं. मालकांना दावायला न्हेलं हुतं. डॉक्टर बाहीर आला आन म्हणला, बाई, चार म्हैन्यांच्या वर न्हाईत आता. मी घरी आले. सा वर्सांत पयल्यांदा पोटभर जेवले."

तगारेबाईंनी मान खाली घातली.

"डॉक्टरांनी हे लिहून दिलं होतं?" बेंद्र्यांनी विचारलं. त्यांचा आवाज आधीपेक्षा हळू होता.

"दिलं हुतं. चुलीत घातलं."

"का?"

"ह्याला दिसू ने म्हणून."

"पण मुलाला का नाही सांगितलं? त्याला तर सांगायला हवं होतं."

सुरेखाबाईंनी पदराचं टोक वाकड्या बोटाभोवती गुंडाळलं. "त्याला सांगितलं असतं तर त्यालाबी बरं वाटलं असतं, साहेब. मग त्यो बापाकडं बगू शकला नसता. माज्याकडंबी न्हाई. चार म्हैनं मी येकलीनं बगितलं, तेवढं पुरं हुतं."

बेंद्र्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "डॉ. तगारे, हे आलेखाशी जुळतं?"

"आलेख कारण सांगत नाही," तगारे म्हणाल्या. "पण याच्या विरुद्ध त्यात काही नाही."

"ठीक. आईंचं समजलं." बेंद्रे प्रज्वलकडं वळले. "पण एकोणतीस हा तुमचा आकडा आहे, कोळेकर. तुमच्या डोक्यावरचे सगळे केस वडील गेल्यानंतरचे. त्याचं कारण तुम्हालाच सांगावं लागेल. तेही स्पष्ट. वडिलांच्या जाण्यानं तुम्हाला... बरं वाटलं होतं का?"

तीन कॅमेरे. चावडीवर उभा केलेला फोन. नाही म्हटलं की एकोणतिसाला कारण उरत नाही आणि आईनं सांगितलेलं फुकट जातं. खिशातला कागद काढला की आई चोर, वर आता खोटारडीही. त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती भिंतीकडं बघत होती.

"सांग की," ती भिंतीकडं बघतच म्हणाली. "मी सांगितलं न्हवं?"

"व्हय," प्रज्वल म्हणाला.

"स्पष्ट बोला. नोंदीसाठी."

"आप्पा गेले आणि मला बरं वाटलं. त्याच दिवशी. घाटावर."

लिहिणाऱ्यानं ते लिहून घेतलं.

९१ मिलिमीटर

निकाल राखून ठेवला होता. पुराव्यादाखल डॉक्टरचा कागद नाही, त्यामुळं खेळाडूचा घोरांक जुलैअखेर पुन्हा तपासून मगच प्रकरण बंद करावं, असं समितीनं ठरवलं. लपवलेला पैसा आला असेल तर आकडा खालीच राहील. तोपर्यंत खेळायला हरकत नाही.

तो खेळला. बरा खेळला, बस.

करंजेवाडीत कुणी तोंडावर काही बोललं नाही. चुलत्यांनी श्रावणबाळ म्हणायचं सोडलं, नाव घेऊन हाक मारू लागले. आखितीला, आप्पा गेल्यावरच्या पहिल्या अक्षय्य तृतीयेला, आईनं पुरण घातलं होतं. शेजारच्या दोन बायका दारापर्यंत आल्या आणि दारातूनच गेल्या. ही गोष्ट त्याला आईनं सांगितली नाही. बांधावर भेटलेल्या एका माणसानं सांगितली. तेव्हापासून तो दर रविवारी गावी जायला लागला. आई कुणाशी बोलते का ते बघायला. ती शेळ्यांशी बोलत असायची. सांगलीत असला की संध्याकाळी तो फोन उचलून बघायचा, तिचा आलाय का. आलेला नसायचा. मग न आल्याचीच काळजी वाटायची. जेवण ताटात राहायला लागलं. इरफाननं विचारणं सोडलं होतं.

जुलैच्या शेवटी लीगचा माणूस येऊन बट घेऊन गेला. पंधरा दिवसांनी पत्र आलं, ते नेमकं गावच्या पत्त्यावर. प्रज्वलनं ते ओट्यावर बसून उघडलं.

*आपला घोरांक ऐंशी, म्हणजे पूर्ववत झाल्याचे आढळले. आपल्याला कोणताही अघोषित लाभ मिळत असल्याची शंका उरलेली नाही. प्रकरण बंद करण्यात येत आहे. आपल्या आईने आणि आपण दाखवलेल्या पारदर्शकतेबद्दल लीग आभारी आहे. पुढील वर्षापासून कारणांच्या यादीत 'घरातील मृत्यू' हा पर्याय समाविष्ट करण्यात येईल. अभिनंदन.*

त्यानं ते दोनदा वाचलं.

आतून आईनं विचारलं, "काय लिवलंय?"

"काय न्हाई. सुटलो म्हणून लिवलंय."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि बाहेर आली नाही.